पद्मिनी घ्यावी की अँबेसेडर? गाव राजापूर, घाट अणुस्कुरा

राजापूरकर:
नमस्कार मंडळी, जुनी गाडी घ्यायचं खूप दिवस मनात आहे, आता दोन नजरेत आल्यात. एक प्रीमियर पद्मिनी, दुसरी अँबेसेडर 1800 इसुझू, दोन्ही पेट्रोल. नुसती झाकून ठेवायची नाहीये, चालवायचीय. अधूनमधून ओणी-पाचलवरून अणुस्कुरा चढून कोल्हापूर, सीझनला आंब्याच्या पेट्या, बाकी बाजार. घराची वाट चिऱ्याच्या गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून), रिक्षा समोर आली तरी एकाला मागे घ्यावं लागतं. आईचे गुडघे दुखतात. काय घेऊ?

घाटवाला:
चढाला इसुझूच. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसी, ताकद 40 हॉर्सपॉवरच्या आसपास, माणसं आणि पेट्या भरल्या की घाटात सेकंडवरच रेटायची. इसुझू 1817 सीसी, 75 च्या आसपास, वर पाच गिअर, ते इंजिन 1992 पासून आलं आणि आधीच्या 1489 सीसीवाल्या अँबीपेक्षा गाडीच बदलली. उतरताना मात्र सांभाळ, गाडी जड आहे, ज्या गिअरवर चढलास त्याच गिअरवर उतरव, नुसत्या ब्रेकवर आणलीस तर ब्रेक तापून लागेनासे होतात. आईंना पण अँबीच बरी, सीट उंच आणि मागे पाय ठेवायला ऐसपैस जागा.

मालवणची ताई:
माझं मत फियाटला, म्हणजे पद्मिनीलाच. घाट रोजचा नाही ना, गडगा रोजचा आहे! हलकी गाडी, अरुंद, वाडीतल्या वाटेने सहज वळते, अँबीचं स्टिअरिंग जाग्यावर फिरवून बघा मग कळेल. आणि स्टिअरिंगजवळचा तो गिअर टाकायची मजा दुसऱ्या कुठल्या गाडीत नाही, मला ती गाडी मनापासून आवडते.

देवगडचो मेस्त्री:
दादा, इंजिन नंतर, आधी पत्रा बघा. खाऱ्या हवेत आणि आपल्या पावसात इंजिन टिकतं पण पत्रा सडतो, आणि बाहेरून रंग नवा केला की आत काय आहे ते कळत नाही. लोहचुंबक घेऊन जा, दरवाज्यांच्या खालच्या कडा, मडगार्ड, डिकीचा तळ, सगळीकडे लावा, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे. मग गाडीखाली झोपून पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे बॉडीला धरलेत ती जागा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, आत गेला तर गाडी कितीही स्वस्त असो, सोडून द्या. पार्ट अँबीचे मिळणं सोपं, ती 2014 पर्यंत बनत होती, पद्मिनी त्याच्या कितीतरी आधी बंद झाली. दोन्हीत पेट्रोलचे रबरी पाईप आणि पंपाचा डायफ्राम नवीन टाका, आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुनं रबर खराब होतं. आणि पावसाळ्यात ताडपत्री गुंडाळू नका, ओल आत कोंडते, मांगरात, म्हणजे शेडमध्ये उभी करा आणि वारा लागू दे.

राजापूरकर:
मेस्त्री, खूप आभार. रविवारी चुंबक घेऊन जातो. अँबीचा पत्रा धड निघाला तर तीच घेतो, आईचा विचार आधी. ताई, वाटेच्या वळणावरचा गडगा आमचाच आहे, तो थोडा मागे घेऊन बांधतो.