संगीत नाटकावर वाढलेल्या प्रेक्षकाने लंडनमध्ये म्युझिकल पाहावे की बॅले?

तिसरी_घंटा (पुणे)

मार्च २०२५ मध्ये मुंबईत ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ या इंग्रजी म्युझिकलचे प्रयोग झाले, तेव्हा त्यांपैकी एका प्रयोगाला आम्ही उभयता गेलो होतो. झुंबर आणि धुक्यातून सरकत येणारी नाव पाहून डोळे दिपले, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही घरी परतताना मन भरल्यासारखे वाटले नाही. गाणारा आता कोठे रंगात येतो आहे असे वाटावे, तोच गाणे संपून पुढचा प्रवेश सुरू होत असे. ‘सौभद्र’ आणि ‘मानापमान’ ऐकत वाढलेल्या माझ्या कानांना त्या गाण्यांत जागा सापडतच नव्हत्या.

आता मुलीकडे लंडनला जाण्याचा योग आहे आणि तेथे नाट्यगृहांत जाण्यासाठी मोजक्याच संध्याकाळी मोकळ्या मिळणार आहेत. मुलीच्या मते एक संध्याकाळ बॅलेसाठी राखून ठेवावी. परंतु ज्यात शब्दच नाहीत असे काही अडीच तास पाहणे मला कितपत झेपेल, याविषयी मनात शंका आहे. ज्यांनी हे दोन्ही प्रकार प्रत्यक्ष रंगमंचावर वारंवार पाहिले आहेत, त्यांनी जाहिरातीतली विशेषणे बाजूला ठेवून आपला अनुभव सांगावा. कोठे बसून पाहावे हेही सांगितल्यास उपकार होतील, कारण तिकिटांचे दर पाहून छाती दडपली आहे.

थेम्सकाठचा (लंडन)

तुमची तक्रार मला पूर्णपणे समजते, पण म्युझिकलकडे गायकीच्या अपेक्षेने पाहिले तर ते नेहमीच उणे वाटणार. आपल्या संगीत नाटकात पद सुरू झाले की कथानक आदबीने बाजूला उभे राहते, गायक नट आपल्या तयारीप्रमाणे रंग भरतो आणि वन्समोअर आला तर कथानक आणखी थोडे थांबते. म्युझिकलमध्ये हे उलटे असते. तेथे गाण्यालाच कथानक ओढावे लागते, आणि गाणे संपते तेव्हा पात्र गाण्याच्या आरंभी होते त्या जागी राहिलेले नसते. म्हणून मी तुम्हाला ‘ले मिझराब्ल’ सुचवीन. १९८५ मध्ये लंडनच्या बार्बिकन सेंटरमध्ये त्याचा इंग्रजीतला पहिला प्रयोग झाला आणि हल्ली ते साँडहाइम थिएटरमध्ये चालते. त्यात गद्य संवाद जवळजवळ नाहीतच.

पहिल्या अंकाच्या शेवटी ‘वन डे मोअर’ हे गाणे येते, तेथे कान टवकारून बसा. पळ काढण्याच्या बेतात असलेला नायक व्हालजाँ, ताटातुटीच्या भीतीने व्याकूळ झालेले प्रेमिक, एकतर्फी प्रेमात जळणारी एपोनीन, उठावाची तयारी करणारे विद्यार्थी, त्यांच्यात हेर म्हणून शिरू पाहणारा पोलीस अधिकारी जावेर आणि मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारे तेनार्दिए दांपत्य, हे सगळे आपापल्या चालीत एकाच वेळी गाऊ लागतात. त्यातल्या बहुतेक चाली तुम्ही आधीच्या दीड तासात सुट्या सुट्या ऐकलेल्या असतात. आता त्या एकमेकींवर चढतात, तरी कोणाचे दुःख कोणते हे कानाला बरोबर कळते. आपले नाट्यसंगीत एका गळ्याचे आहे आणि एका गळ्यात काय काय साधते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. परंतु आठ जणांच्या मनःस्थिती एकाच क्षणी श्राव्य करण्याची ही सोय आपल्या पदांत नाही. हे गाणे प्रत्यक्ष ऐकल्यावर माझी म्युझिकलविषयीची कुरकुर बरीच कमी झाली.

एक गोष्ट मात्र मला आजही खटकते, ती म्हणजे ध्वनिवर्धन. प्रत्येक नटाच्या केसांत किंवा कपाळाच्या कडेला बारीक मायक्रोफोन असतो, आणि बाल्कनीत बसलात तर आवाज नटाच्या तोंडून न येता भिंतीतून आल्यासारखा वाटतो. एवढ्या गर्दीत नेमके कोण गात आहे हे ओळखायला दोन-तीन सेकंद लागतात आणि तेवढ्यात भाव निसटतो. यासाठी म्युझिकलला शक्य तितके पुढे, चेहरे दिसतील असे बसावे, खर्च तेथेच करावा.

बॅलेचे गणित याच्या नेमके उलटे आहे. कॉव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये सर्वांत वर अ‍ॅम्फिथिएटर नावाचा भाग आहे, तेथून मला बॅले अधिक चांगला दिसतो. तेथील वाद्यवृंद खड्ड्यात बसून ध्वनिवर्धकाविना वाजवतो आणि तो वरपर्यंत स्वच्छ पोहोचतो. शिवाय समूहनृत्यातल्या रेषा, वर्तुळे आणि तिरक्या रांगा पुढच्या खुर्चीतून फक्त पायांची गर्दी म्हणून दिसतात, त्यांची रचना उंचावरूनच उलगडते. पुढे बसलेल्याला एक गोष्ट मात्र मिळते. संगीत हळू असताना चोवीस मुली एकदम चवड्यांवरून खाली उतरल्या की कडक बुटांचा जो एकत्रित टकटकाट होतो, तो ऐकला म्हणजे समोरच्या हंसिनी किंवा पऱ्या ही घाम गाळणारी हाडामासाची माणसे आहेत याची आठवण होते. ते बूटही फार टिकत नाहीत. मोठ्या भूमिकेत एका प्रयोगात एक जोडी निकामी होणे ही नित्याची बाब आहे.

शब्दांची उणीव भासेल का, या प्रश्नाला माझे उत्तर असे की ती कोणता बॅले निवडता त्यावर अवलंबून आहे. नाताळच्या हंगामात गेलात तर सगळीकडे ‘द नटक्रॅकर’ असेल. रॉयल बॅले या ऑपेरा हाऊसमधल्याच नृत्यसंस्थेचा, पीटर राइट यांनी १९८४ मध्ये बसवलेला प्रयोग देखणा आहे, त्यातले ख्रिसमसचे झाड पाहता पाहता छताएवढे वाढते. पण दुसऱ्या अंकात कथा जवळपास संपलेली असते आणि एकामागून एक नाच तेवढे होत राहतात. नाटकाच्या ओढीने आलेला प्रेक्षक तेथे कंटाळू शकतो. तुम्ही ‘जिझेल’ शोधा. १८४१ मध्ये पॅरिसमध्ये आलेल्या या बॅलेची कथा चार वाक्यांत सांगता येते: खेड्यातल्या नाजूक प्रकृतीच्या मुलीवर वेष पालटलेला सरदार प्रेम करतो, त्याचे लग्न आधीच ठरलेले असल्याचे उघड होते, ती वेडी होऊन मरते. दुसऱ्या अंकात लग्नाआधीच मेलेल्या मुलींचे पिशाच्चगण त्या सरदाराला नाचवून नाचवून मारू पाहतात आणि मेलेली जिझेलच त्याला वाचवते.

पहिल्या अंकातला वेडाचा प्रवेश मी निरनिराळ्या नर्तिकांचा पाहिला आहे. केस सुटलेली मुलगी मघाशी प्रियकराबरोबर फुलाच्या पाकळ्या मोजल्या होत्या तसे हवेतल्या नसलेल्या पाकळ्या खुडू लागते. वाद्यवृंद मघाचीच चाल तुटक तुटक वाजवतो, ती मघाचीच पावले टाकायला जाते आणि पाऊल अर्धवट राहते. एका शब्दाविना तिला काय आठवते आहे आणि काय आठवेनासे झाले आहे, दोन्ही कळते. भरतनाट्यम किंवा कथकातला अभिनय पाहणाऱ्याला तर हे मुळीच परके वाटणार नाही. जिझेलची आई नुसत्या हातांनी त्या पिशाच्चांची गोष्ट सांगते, तो छोटा प्रवेश रॉयल बॅलेने जपला आहे. मुठी वळून मनगटे एकमेकांवर टाकली की मृत्यू, एवढा संकेत ध्यानात ठेवला तरी पुरे.

घुंगरू_आणि_गाठ (मुंबई)

थेम्सकाठच्या मित्रांशी मी सहमत आहे, पण भारतीय प्रेक्षकाला ज्या बॅलेपुढे हसावे की रडावे हे कळत नाही, त्याचाही उल्लेख व्हायला हवा. ‘ला बायादेर’ हा मारियस पेटिपा यांनी १८७७ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये बसवलेला बॅले, संगीत लुडविग मिन्कुस यांचे आणि कथा आपल्याकडची: देवळातली नर्तकी निकिया, योद्धा सोलोर, त्याच्यावर हक्क सांगणारी राजकन्या आणि नर्तकीवर डोळा असलेला प्रमुख पुरोहित. कथक शिकलेली मी हा प्रयोग लंडनला पाहायला बसले, तेव्हा पहिल्याच प्रवेशात पवित्र अग्नीभोवती उड्या मारणारे फकीर पाहून मान खाली घालावीशी वाटली. कोणी उठतो आणि हात जोडतो, कोणी छातीशी हात नेऊन वाकतो, आणि वेषभूषा पाहावी तर कोणत्याच प्रांताची नाही. हा भारत रशियात बसून कल्पिलेला आहे आणि त्याची खिल्ली उडवायला विशेष बुद्धी लागत नाही.

मग छायांचा प्रवेश आला. अफूच्या धुंदीत सोलोरला मृत निकिया दिसते. मागच्या उतारावरून एक पांढरी नर्तिका येते, एक पाय मागे उचलून पुढे झुकते, मागे रेलते, दोन पावले चालते आणि पुन्हा झुकते. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. रॉयल बॅलेच्या प्रयोगात अशा चोवीस जणी उतरतात आणि सगळा रंगमंच भरेपर्यंत तीच हालचाल चालू राहते. पहिल्या मिनिटाला मी मनात म्हटले, कळले, आता पुढे चला. नंतर मात्र ठेका बदलत नसतानाही विलंबित लयीत जसा हळूहळू समेचा ओढा लागतो तसे काहीसे झाले आणि शेवटची छाया उतरावी असे वाटेनासे झाले. येथे भारताचा लवलेश नाही, आणि कदाचित म्हणूनच हा भाग इतका खरा उतरला आहे. हा प्रवेश वरून पाहावा, या सूचनेला माझा दुजोरा.

पॅरिस ऑपेराने कालिदासाच्या ‘शाकुंतला’वर १८५८ मध्येच बॅले केला होता आणि तो बसवणारे ल्युसियाँ पेटिपा हे याच मारियस यांचे थोरले बंधू. आपल्या अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले ते १८८० मध्ये. शकुंतला आपल्याकडे गाऊ लागण्याआधी तिकडे नाचून गेली होती, ही गोष्ट माझ्या नाट्यवेड्या मावशींना सांगितली तेव्हा त्यांनी ती अजिबात खपवून घेतली नाही.

जुन्या धाटणीचे बॅले नकोत असे वाटले तर अक्रम खान यांनी इंग्लिश नॅशनल बॅलेसाठी २०१६ मध्ये केलेली ‘जिझेल’ कोठे लागली आहे का, ते पाहा. खान यांचे शिक्षण पंडित प्रताप पवार यांच्याकडे कथकाचे. त्यांची जिझेल बंद पडलेल्या कापड कारखान्यातली स्थलांतरित कामगार आहे आणि रंगमंचावर एक प्रचंड भिंत फिरते. गिरणगावात लहानाची मोठी झालेली मी ती भिंत पाहून बराच वेळ अस्वस्थ होते.

विंगेतला (लेस्टर)

म्युझिकल पुढे बसूनच पाहावे, या विधानाशी माझा मतभेद आहे. व्हिक्टोरिया पॅलेस थिएटरमध्ये चालणाऱ्या ‘हॅमिल्टन’मध्ये एकात एक बसवलेली दोन फिरती चक्रे आहेत, ती कधी एका दिशेने तर कधी परस्परविरुद्ध फिरतात. द्वंद्वयुद्धाच्या प्रवेशात समूहातले नर्तक त्या चक्रांवर स्थिर उभे राहूनही प्रवास करत असतात, आणि ही गंमत खालच्या पहिल्या रांगांतून अर्धीच दिसते. फिरता रंगमंच आपल्याला ‘तो मी नव्हेच’पासून ठाऊक आहे, तेथे तो प्रवेश झटपट बदलण्यासाठी होता; येथे तो नृत्याचाच भाग झाला आहे. मात्र गाण्यातले इंग्रजी फार वेगाने येते, म्हणून शब्द आधी वाचून जावे हे बरे.

‘फँटम’विषयी थोडेसे. लंडनमध्ये ते १९८६ पासून एकाच नाट्यगृहात चालते, परंतु कोरोनाकाळातल्या खंडानंतर २०२१ मध्ये पडदा पुन्हा उघडला तेव्हा वाद्यवृंद सत्तावीस वादकांवरून चौदांवर आला. संगीत ऐकायला जाणाऱ्याने हे जाणून जावे. मला स्वतःला ही काटकसर पटलेली नाही, कारण त्या नाटकात ऑर्केस्ट्राचा भरणा हेच अर्धे नेपथ्य आहे.

आणखी एक. म्युझिकलचे आठवड्याला साधारण आठ प्रयोग होतात, त्यामुळे मुख्य भूमिकेत बदली नट असल्याची पाटी दरवाजाशी दिसली तर हिरमुसून जाऊ नका. रोजच्या नटाच्या गाण्याला कधी कधी सवयीचा गुळगुळीतपणा आलेला असतो, आणि बदली नट मात्र जिवाच्या आकांताने गातो. बॅलेत तर मुख्य जोड्या प्रयोगागणिक बदलतात, म्हणून तिकीट काढताना तारखेसमोरची नावे वाचावी. टाळ्यांच्या बाबतीत तुम्हाला बॅलेत घरच्यासारखे वाटेल, कारण एकेका नाचानंतर टाळ्या पडतात आणि मघाशी प्रेमात बुडालेली नर्तिका भूमिका सोडून पुढे येऊन अभिवादन करते. पुन्हा नाच मात्र ती करत नाही.

तिसरी_घंटा (पुणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘जिझेल’ आमच्या मुक्कामात लागलेली आहे, असे मुलीने पाहून सांगितले, तेव्हा तो प्रश्न सुटला. म्युझिकलसाठी ‘ले मिझराब्ल’ ठरवले आहे. अ‍ॅम्फिथिएटरची तिकिटे मात्र संपलेली दिसतात आणि उरलेली आमच्या खिशाबाहेरची आहेत. मध्यंतरात तेथे काय मिळते, अशी पत्नीची पृच्छा आहे.

थेम्सकाठचा (लंडन)

तिकिटे संपली असे दिसले तरी धीर सोडू नका. रॉयल ऑपेरा हाऊस दर शुक्रवारी दुपारी एक वाजता पुढच्या आठवड्यातील प्रयोगांची काही तिकिटे ऑनलाइन खुली करते, त्यासाठी एक वाजण्याआधीच संकेतस्थळ उघडून बसावे. परत आलेली तिकिटेही अधूनमधून दिसू लागतात. तिकिटावर ‘दृश्य मर्यादित’ असा शेरा असेल तर तो गांभीर्याने घ्या, कारण घोड्याच्या नालेसारख्या त्या प्रेक्षागृहात बाजूच्या खुर्च्यांवरून रंगमंचाचा एक कोपरा सरळ कापला जातो, आणि ‘जिझेल’च्या दुसऱ्या अंकात थडगे त्याच कोपऱ्यात असण्याचा संभव असतो. उभे राहून पाहण्याच्या जागा स्वस्त आहेत, पण त्या तुम्हाला सुचवणार नाही. अ‍ॅम्फिथिएटरच्या पायऱ्या उंच आणि रांगा अरुंद आहेत, म्हणून गुडघ्यांचा त्रास असेल तर शक्यतो कडेच्या मार्गालगतची खुर्ची घ्या.

वहिनींना सांगा की मध्यंतरात छोट्या डब्यातले आइस्क्रीम आणि लाकडी चमचा मिळतो. बटाटेवड्याची सोय घरूनच खाऊन करावी लागेल.