हरायला लागलो म्हणून बॉल विस्कटायचे, हा माज की वेळ वाचवणं?

एरंडवण्याचा फ्लूक:
रविवारी डेक्कनच्या बाजूला एका पार्लरमध्ये स्नूकर खेळत होतो, समोरचा ओळखीचाच, हात माझ्यापेक्षा बरा आहे त्याचा हे आधीच कबूल करतो. तिसरी फ्रेम, म्हणजे तिसरा डाव, मी पुढे. एक रेड कोपऱ्यात मारायला गेलो, तो पॉकेटच्या तोंडाशी थरथरला, बाहेर आला, दोन कुशन खाल्ले आणि मधल्या पॉकेटात जाऊन पडला. फ्लूक, म्हणजे निव्वळ नशिबाने गेलेला, म्हणून सवयीप्रमाणे मी हात वर केला. हा पठ्ठ्या खुर्चीतून उठला, हाताने सगळे बॉल इकडचे तिकडे केले आणि म्हणतो "घे बाबा तू, चल नवीन लावू". अरे मी फक्त ३१ ने पुढे होतो! ३ रेड बाकी, रेडचा १ आणि तिन्हीवर ७ चा ब्लॅक धरला तर २४ आणि शेवटचे कलर २७, म्हणजे ५१ पडले होते टेबलावर. मला बॉलआड अडकवून फाऊलचे पॉइंट काढायची, म्हणजे स्नूकर लावायची, पण गरज नव्हती त्याला. मी म्हणलं हे काय, तर म्हणे टेबल तासावर आहे, पैसे हरणारा म्हणून मीच भरणार, तुझं काय जातंय.

माझं हे जातंय की मला ती फ्रेम जिंकायची होती, दान नको होतं. आणि वर आमचा एक कॉमन मित्र म्हणतो की प्रोफेशनलमधल्या रॉनी ओ'सुलिवनने तर अख्खी मॅच सोडली होती, तू एका फ्रेमवरून रडतोस. मला नेमका तोच प्रकार डोक्यात जातो. २००६, यूके चॅम्पियनशिप, स्टीफन हेन्ड्रीसमोर क्वार्टर फायनल, १७ फ्रेमची मॅच, रॉनी ४-१ ने मागे, सहाव्या फ्रेममध्ये एक रेड चुकला आणि साहेब हात मिळवून चालते झाले. हेन्ड्री बिचारा उभा, काय झालं तेच कळेना त्याला. रेकॉर्डला ९-१ लिहिलं गेलं. लोकांनी तिकिटं काढलेली. नंतर २०,८०० पाउंड दंड झाला, मला तो कमीच वाटतो. स्नूकरमध्ये अर्धा वेळ तुम्ही खुर्चीत बसून दुसऱ्याचा खेळ बघता, ते ज्याला जमत नाही त्याने कॅरम खेळावा. मत सांगा.

सेफ्टीशॉट:
असहमत. उठून जाणारा निदान उघड वाईट वागतो, दंड भरतो, चार वर्षं शिव्या खातो, विषय संपतो. त्यापेक्षा वाईट म्हणजे नियमात बसून छळणारे. २००५ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप, क्वार्टर फायनल, रॉनी ८-२ ने पुढे आणि समोरच्या पीटर एब्डनने असा काही वेळ काढला की १२ पॉइंटच्या एका ब्रेकला, म्हणजे एका सलग खेळीला, पाच मिनिटांच्या वर लागली. १२! रॉनीने १९९७ ला त्याच स्पर्धेत, त्याच क्रुसिबल थिएटरमध्ये अख्खं १४७, म्हणजे पूर्ण टेबल साफ करणारा सगळ्यात मोठा ब्रेक, साडेपाच मिनिटांच्या आत उडवलंय. तो शेवटी कंटाळून प्रेक्षकांना किती वाजले विचारत होता. एब्डन १३-११ ने जिंकला आणि दंड शून्य. म्हणजे रांगेत तुमच्या पुढे उभा राहून सुट्टे मोजत बसलेला माणूस सभ्य आणि वैतागून रांग सोडणारा असभ्य, असं झालं हे.

एरंडवण्याचा फ्लूक:
एब्डन २-८ ने मागे होता रे, त्याचा खेळ चालत नव्हता तर तो विचार करणारच. हळू खेळून का होईना तो मॅच खेळत होता, सोडून गेला नाही. रॉनीला खुर्चीत बसवेना हा एब्डनचा गुन्हा?

सेफ्टीशॉट:
साध्या सरळ रेडला तीन तीन मिनिटं? तो विचार नव्हता, समोरच्याचा ऱ्हिदम मोडणं होतं, आणि ते सगळ्यांना कळत होतं, फक्त सिद्ध करता येत नाही. तीच तर चालाखी.

नियमनाना:
भावना बाजूला ठेवा, आधी नियम बघू. फ्रेम सोडायची असेल तर ती ज्याची पाळी आहे त्यालाच सोडता येते. तुमचा रेड गेला होता, फ्लूक असला तरी गेला होता, म्हणजे टेबलावर पाळी तुमची. समोरच्याला सोडायचा अधिकारच नव्हता. दुसरं म्हणजे कोणी फ्रेम सोडली तर घ्यायची की नाही हे समोरचा ठरवतो. तुम्ही "नाही, खेळूया" म्हणाला असता तर त्याचं सोडणं रद्द.

एरंडवण्याचा फ्लूक:
नाना, कशावर खेळणार होतो? ब्लॅक यलोच्या जागेवर जाऊन बसला होता.

नियमनाना:
म्हणूनच बॉलना हात लावणं हा वेगळा आणि मोठा गुन्हा. रेफ्री असता तर बोलला असता. पार्लरमध्ये रेफ्री म्हणजे काउंटरवरचा मुलगा आणि त्याचं लक्ष मोबाईलमध्ये.

आयटीवाला:
मला एक कळत नाही, या खेळाला एवढं सोवळं कशाला? वेस्टकोट घाला, बो लावा, हळू बोला, समोरचा वाकला की हलू नका. ज्या खेळाचं नावच मुळात टोमणा आहे. १८७५ ला जबलपूरमध्ये इंग्रज ऑफिसरांच्या मेसमध्ये हा खेळ निघाला, नवख्या कॅडेटला ते लोक 'स्नूकर' म्हणून चिडवायचे, एकाचा सोपा बॉल चुकला तर चेंबरलेन नावाच्या ऑफिसरने त्याला स्नूकर म्हणून हिणवलं आणि तेच नाव खेळाला चिकटलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून स्लेजिंग! आणि आपण इथे कोण कसा उठला यावर निबंध लिहितोय. साहेब गेला, कॉलरचा शर्ट ठेवून गेला.

कोथरूड क्यू:
+१. आणि सभ्यतेच्या नावाखाली कसला दुटप्पीपणा चालतो बघा. १९९६ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला उजव्या हाताचा रॉनी कॅनडाच्या रोबिडूविरुद्ध डाव्या हाताने खेळला, रोबिडूला एवढा राग आला की मॅच १०-३ हरल्यावर त्याने हात मिळवला नाही. आता सांगा, हात न मिळवणारा असभ्य की डाव्या हाताने खेळणारा? वर रॉनीला सुनावणीत दाखवून द्यावं लागलं की डाव्या हाताने खरंच खेळता येतं, रेक्स विल्यम्स या जुन्या प्रोफेशनलबरोबर तीन फ्रेम खेळायला लावल्या आणि त्या तिन्ही त्याने जिंकल्या. डावखुरेपणाची परीक्षा! शाळेत डाव्या हातावर पट्टी मारणारे मास्तर आठवले मला.

सेफ्टीशॉट:
ही मॅच काढलीस ते बरं झालं. फ्रेम पार हातातून गेली होती तरी रोबिडू सोडत नव्हता, स्नूकर लावत बसला होता, त्यावरून पेटलं होतं ते. म्हणजे लवकर सोडलं तर अपमान आणि न सोडलं तर पण अपमान. मग बरोबर काय, हे कोणी लिहून ठेवलंय का?

नियमनाना:
स्नूकर न लावता, नुसत्या टेबलावरच्या गुणांनी जिंकता येत असेल तोवर सोडायची नाही, ही प्रोफेशनलमधली रीत, त्यावर ताकीदही मिळते. त्यापुढे किती खेचायचं हे ज्याच्या त्याच्या मनावर.

मार्करचा मुलगा:
एवढं सगळं वाचलं, लिहू की नको करत होतो. माझे वडील कॅम्पातल्या एका क्लबात मार्कर होते, पस्तीस वर्षं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मार्कर म्हणजे कलर परत जागेवर ठेवणारा, पॉइंट पुकारणारा, फळ्यावर मार्क सरकवणारा, रेस्ट, म्हणजे लांबच्या शॉटला क्यू टेकवायची काठी, हातात देणारा, आणि सकाळी मेंबर यायच्या आत बॉककडून, म्हणजे ब्रेक मारतात त्या टोकाकडून, ब्लॅककडे एकाच दिशेने कापडाला ब्रश मारून वर गरम इस्त्री फिरवणारा. उलटा ब्रश मारला तर कापडाची लव बिघडते, लहानपणी मी एकदा मारला होता आणि कानफटात खाल्ली होती.

तर मुद्दा. वडलांना टेबलावरचं सगळं दिसायचं. कोणाची बाही ब्लूला लागली, कोणाची टिप व्हाइटला दोनदा शिवली, सगळं. पण बोलायचं नाही. मेंबरने विचारलं "मार्कर, लागला का?" तरच तोंड उघडायचं. आणि विचारायचा कोण, तर ज्याच्या बाजूने उत्तर येणार तोच. बाकी वेळी ते काय करायचे, तर पॉइंट पुकारायला उशीर लावायचे. लगेच "सात" म्हणायच्या ऐवजी थांबायचे, चॉक उचलून ठेवायचे, मग म्हणायचे. ज्याला कळायचं त्याला कळायचं. काही जण ती शांतता ऐकून म्हणायचे "हां हां, सात द्या त्यांना". बरेच जण नाही म्हणायचे.

एक मेंबर होते, मोठे वकील, ते मात्र स्वतःच. कोणी बघितलेलं नसलं तरी क्यू आडवा धरून "मार्कर, फाऊल, चार लिहा". वडील अजून त्यांचं नाव काढतात. दिवाळीला बक्षिशी मात्र सगळ्यात कमी तेच द्यायचे, हेही सांगतात.

तर आयटीवाले साहेब, तुमचं बरोबर आहे की हे सगळं साहेबाचं. पण स्वतःचा फाऊल स्वतः सांगणं ही त्यातली एकच गोष्ट अशी होती की ज्याने मार्करला पण बरं वाटायचं. बाकी बो आणि वेस्टकोट तुम्हाला लखलाभ. आणि हाताने बॉल सरकवणाऱ्याबद्दल म्हणाल तर ते बॉल परत कोण लावतो? तो मोबाईलमध्ये बघणारा मुलगाच ना.

आयटीवाला:
हे पटलं. माझा मुद्दा ड्रेसबद्दल होता, फाऊलबद्दल नाही, पण ठीक आहे, गप्प बसतो.

जुना पॅव्हेलियन:
मार्करचा मुलगा, छान लिहिलंत. मला १९८० ची मुंबईची टेस्ट आठवली, सुवर्णमहोत्सवी. अंपायरने बॉब टेलरला आउट दिला होता, विश्वनाथ कॅप्टन, त्याने परत बोलावलं. टेलर टिकला, बॉथमबरोबर पार्टनरशिप झाली आणि आपण १० विकेटने हरलो. आमच्या घरी त्यावर महिनाभर भांडण चाललं होतं, वडील विश्वनाथच्या बाजूने, काका म्हणायचे देशाची मॅच आहे, तुझ्या घरची नाही. काका अजूनही तेच म्हणतात. पण क्रिकेटमध्ये असा माणूस एखादाच निघतो म्हणून चाळीस वर्षं गोष्ट सांगतो आपण. स्नूकरमध्ये प्रोफेशनल लोक स्वतःचा फाऊल सांगतात तेव्हा टाळ्या दोन सेकंद वाजतात आणि खेळ पुढे. तसंच अपेक्षित आहे म्हणून. मला तो फरक मोठा वाटतो.

मधलं पॉकेट:
सगळे एवढे भारावून जाऊ नका. २०२३ मध्ये दहा चिनी खेळाडूंवर फिक्सिंगच्या प्रकरणात बंदी आली, त्यातल्या दोघांवर आजन्म. त्याच्या दहा वर्षं आधी स्टीफन ली १२ वर्षांसाठी गेला. हेही सगळे बो लावून, हात मिळवूनच खेळायचे. आणि फ्लूकला हात वर करणं तर मला शुद्ध नाटक वाटतं. स्कूटर आडवी घालायची आणि वर "सॉरी काका". एवढं वाईट वाटतं तर पॉइंट घेऊ नका ना.

एरंडवण्याचा फ्लूक:
हात वर म्हणजे माफी नाहीये हो, "हा शॉट माझा नव्हता" एवढंच सांगायचं असतं. पॉइंट नियमाने मिळतात, श्रेय नको म्हणून हात. फिक्सिंगचं मान्य, पण ती चोरी आहे, इथे विषय वागण्याचा आहे.

कोथरूड क्यू:
श्रेय नको म्हणे. तुझं नावच फ्लूक आहे.

सेफ्टीशॉट:
वागण्याचाच विषय असेल तर २०२० च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची सेमी फायनल घ्या. समोरचा मार्क सेल्बी एकापाठोपाठ स्नूकर लावतोय आणि रॉनी त्यातून सुटायला नीट न बघता जोरात व्हाइट हाणतोय, लागला तर लागला. सेल्बी १७-१६ हरला आणि म्हणाला हा माझा अनादर आहे. मी रॉनीचा फॅन असून सांगतो, इथे मला सेल्बीचं पटलं. कारण समोरच्याने डोकं लावून कोडं घातलंय आणि तुम्ही ते वाचतच नाही. तुझ्या रविवारच्या माणसापेक्षा हे जास्त लागणारं आहे. त्याने निदान तू जिंकलास असं म्हणलं तरी.

आणि २०१६ वेल्श ओपन विसरू नका, १४७ चालू असताना बक्षीस १०,००० पाउंडच आहे म्हणून रॉनीने मुद्दाम ब्लॅकऐवजी पिंक मारून १४६ केले. पब्लिक हसलं. मला नाही आवडलं, पण ते पैसे त्याचे, १४७ त्याचं, समोरच्या पिंचेसचं त्यात काही गेलं नाही. माझी लाइन तिथे आहे, समोरच्याचं काही जातंय का.

नियमनाना:
पुणेकर म्हणून एक नोंद. देशाचा पहिला वैयक्तिक वर्ल्ड चॅम्पियन विल्सन जोन्स, १९५८, हौशी बिलियर्ड्स, जन्म पुण्याचा. पंकज अडवाणी, जन्म पुण्याचा. तेव्हा या शहरात बॉल हाताने विस्कटणं शोभत नाही.

मधलं पॉकेट:
अडवाणी जन्मला इथे, शिकला बेंगळुरूत. श्रेय ढापायला आपण कायम पुढे. नाना, हात वर करा.

एरंडवण्याचा फ्लूक:
अपडेट. बुधवारी त्याच माणसाशी परत खेळलो. मी आधीच सांगितलं की आज कोणी बॉलला हात लावायचा नाही, शेवटपर्यंत खेळायचं. तो म्हणाला बरं. शेवटच्या फ्रेमला तो पुढे होता आणि मी शब्दाला जागून खेळत राहिलो, स्नूकर लावत. पाऊण तास गेला. तो एक शब्द बोलला नाही, खुर्चीत बसून राहिला, दोन चहा प्यायला.

नियमनाना:
किती मागे होतात? टेबलावर काय?

एरंडवण्याचा फ्लूक:
२९. पिंक आणि ब्लॅक.

नियमनाना:
१३ शिल्लक आणि २९ मागे. म्हणजे कमीत कमी तीन स्नूकर.

सेफ्टीशॉट:
पाऊण तास??? अरे तू तर रोबिडू निघालास. आणि टेबलाचे पैसे?

एरंडवण्याचा फ्लूक:
मीच भरले. हरलो ना.