मुलांचे वाचन कुठे अडले, कशाने सुटले? (अनुभव धागा)

गोदाकाठची
काल नाशकात निमाणीहून शालिमारला जाताना शेजारच्या आसनावरचा पाच-सहा वर्षांचा मुलगा दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होता आणि ‘पंचवटी’ला ‘पचंवटी’ म्हणत होता. त्याच्या आईने त्याला टोकले नाही, याचे मला फार बरे वाटले, कारण मला माझा धाकटा भाऊ आठवला.

१९७४ साली तो तिसरीत होता. बालभारतीचे पुस्तक उघडून तो धडाधड धडे म्हणत असे, पानही अचूक जागी उलटत असे. एके दिवशी गुरुजींनी ओळीच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवले, तेव्हा कळले की त्याला एकही शब्द वाचता येत नाही. सारे पुस्तक शेजारच्या मुलांचे ऐकून पाठ झालेले होते. त्या दिवसापासून वर्गात त्याचे नाव ‘ढ’ पडले.

आमचे वडील छापखान्यात खिळे (छपाईची शिशाची अक्षरे) जुळवत. झिजलेले मोठे खिळे ते घरी आणत (शिसे मुलांच्या हाती देऊ नये, हे तेव्हा कोणाला ठाऊक होते!). भाऊ ते कणकेच्या गोळ्यावर उमटवी. खिळ्यावर उलटे दिसणारे अक्षर कणकेवर सुलटे होई, आणि काना, वेलांटी यांचे खिळे निराळे असल्यामुळे ‘का’ म्हणजे ‘क’ला लावलेला काना, हे त्याला हाताने समजले. बाराखडी त्याला तोंडपाठ होतीच. ती जोडून बनते, हे मात्र कोणी सांगितले नव्हते. पुढच्या दिवाळीपर्यंत तो वाचू लागला.

आपापल्या घरातले, वर्गातले अनुभव लिहावेत, ही विनंती.

बागलाणचा मास्तर
ताई, मधल्या सुट्टीत लिहीत आहे. माझ्या वर्गातील बहुतेक मुले घरी अहिराणी बोलतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मुलाने ‘तू काय करतो आहेस?’ हे वाक्य ‘तू काय करी ऱ्हायना?’ असे वाचले आणि मी त्याला उभे केले. त्याने छापील ओळ वाचली होती, तिचा अर्थ लावला होता आणि तो स्वतःच्या भाषेत सांगितलाही होता, हे माझ्या ध्यानात यायला दोन वर्षे लागली. आता मी आधी गोष्ट मुलांच्या बोलीत सांगतो, त्यांचे शब्द फळ्यावर लिहितो आणि मग पुस्तक उघडतो. घरी कधी न ऐकलेला शब्द मूल अक्षरे लावून उच्चारील, पण तो ओळखणार कसा?

सातपूरकरीण
कुकरच्या दोन शिट्ट्या होईपर्यंत लिहिते. माझी मुलगी पहिलीत असताना ‘पाट’ आणि ‘भात’ यांत गोंधळ करी. आम्ही तिला अभ्यासाला बसवून बसवून रडवले. सतत सर्दी असल्यामुळे कानाच्या डॉक्टरांकडे नेले, तेव्हा पडद्यामागे पाणी साचल्याचे निघाले. जो फरक कानाला नीट ऐकू येत नव्हता, तो डोळ्यांनी वाचून दाखव, असा आमचा हट्ट होता. त्या रडवण्याचे मला अजून वाईट वाटते.

रफार
सातपूरकर ताई, आमच्याकडे चष्मा निघाला. आपण एकट्या नाही.
बाकी ‘र’इतका बहुरूपी दुसरा नसेल. सूर्य, चक्र, राष्ट्र, दऱ्या: चार ठिकाणी चार वेष. आणि नाशिकच्या मुलाला पाट्या वाचायला लागताच थेट ‘त्र्यंबकेश्वर’ गाठावे लागते!

पाहणीवाला
‘असर’च्या, म्हणजे ग्रामीण मुलांना कितपत वाचता येते हे घरोघर तपासणाऱ्या देशव्यापी पाहणीसाठी, स्वयंसेवक म्हणून मी दिंडोरी आणि पेठ तालुक्यांतील घरोघर गेलो आहे. मुलाच्या हाती अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असलेला कागद द्यायचा आणि ते कुठवर पोहोचते, ते नोंदवायचे. देशभरातील ग्रामीण भागात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुले २०१८ साली सुमारे २७ टक्के होती. शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ साली, ती सुमारे २० टक्क्यांवर आली आणि २०२४ साली पुन्हा २७ टक्क्यांजवळ पोहोचली.

मला मात्र टक्केवारीपेक्षा एक ओटा आठवतो. आईवडील द्राक्षछाटणीला गेलेले असताना तिथे एक मोठी बहीण धाकट्याला पुडीचा कागद वाचून दाखवत होती. त्या वस्तीत गोष्टीपर्यंत पोहोचलेला तो एकटाच होता. जी मुले छाटणीला आईवडिलांबरोबर जातात, त्यांची अक्षरओळख नेमकी ऑक्टोबरात तुटते, आणि ती परततात तेव्हा वर्ग जोडाक्षरांवर गेलेला असतो. त्यांना मतिमंद समजणारे लोक मी पाहिले आहेत.

गंगापूर रोड
आमचा मुलगा इंग्रजी माध्यमात आहे. मराठीत ‘कि’ दिसले की तो आधी ‘इ’ म्हणे, आणि त्याचे काही चुकत नव्हते; वेलांटी आधी दिसते, ऐकू नंतर येते. १८४० साली स्थापन झालेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात त्याला दर शनिवारी नेऊ लागलो, तेव्हा तो आवडीने पुस्तके निवडत असे. मग मी प्रत्येक गोष्टीनंतर ‘काय बोध घेतलास?’ असे विचारू लागलो आणि तिसऱ्या शनिवारी त्याचे पोट दुखले. प्रश्न बंद केल्यावर पोटही थांबले.

रफार
गोदाकाठच्या ताई, भावाचे पुढे काय झाले, ते राहिलेच.

गोदाकाठची
ओझरला कारखान्यात नोकरी करून तो निवृत्त झाला. रोज सकाळी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून वाचतो, पण अजूनही ओळीखाली बोट ठेवूनच. ‘त्र्यंबकेश्वर’ला ते बोट थबकते का, हे रविवारी तो आला की पाहून कळवते.