ट्रेलरमध्ये समुद्र किती आणि गोष्ट किती

रत्नागिरीजवळच्या भाट्ये किनाऱ्यावर चित्रित केलेल्या महाविद्यालयीन प्रेमकथेच्या लघुपटाचा ट्रेलर तीन मिनिटांचा करावा, अशी एक सूचना आली आहे; ती मला पटत नाही. पंधरा मिनिटांच्या लघुपटाला पाऊण मिनिट पुरेसे आहे, त्याहून लांबवल्यास शेवटची भेटच उघडी पडते. आमच्या ट्रेलरमध्ये सूर्यास्त नऊ वेळा होत होता (रत्नागिरीकरांना मोह आवरत नाही) आणि नायिकेचा चेहरा जेमतेम दोनदा दिसत होता. ते सूर्यास्त काढून, सुटू लागलेल्या एसटीच्या खिडकीतून वही परत करणारा तिचा हात तेवढा ठेवला, तेव्हा कुठे ती प्रेमकथा वाटू लागली.

पोस्टरसाठी मात्र व्हिडिओतली चौकट (फ्रेम) उचलू नये. सेकंदाला २५ चौकटी आणि प्रत्येक चौकटीसाठी १/५० सेकंद उघडे राहणारे शटर असताना उडणारी ओढणी पडद्यावर सुंदर दिसते, पण थांबवलेल्या चौकटीत ती धूसर दिसते; शिवाय फुल एचडी चौकट १९२० × १०८० पिक्सेलची, तर ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ए३ छापायला सुमारे ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात. त्यामुळे चित्रीकरणाच्या दिवशीच अर्धा तास राखून, मावळतीकडे पाठ असलेल्या चेहऱ्यांवर थर्माकोलच्या पांढऱ्या फळीने उजेड परतवून, उभी आणि आडवी अशी दोन्ही छायाचित्रे स्वतंत्रपणे काढावीत.