विजेवरच्या गाड्यांची शर्यत भर शहरात कशाला? सांगलीकरांनो, बोला

कृष्णाकाठ
हैदराबादची फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवरच्या गाड्यांच्या जागतिक मालिकेतली शर्यत, बंद पडली ते बरंच झालं, यावर परवा आमच्या सांगलीच्या ग्रुपवर सगळ्यांचं एकमत झालं. रस्ते अडतात, पैसा जातो, आणि शर्यत करायचीच तर शहराबाहेर ट्रॅकवर करा, असं म्हणणं. यातलं शेवटचं मला अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

11 फेब्रुवारी 2023 ला हुसेनसागरच्या काठावर ही शर्यत झाली. 2.83 किलोमीटरचा फेरा, त्यात 18 वळणं. ज्याँ-एरिक व्हर्न जिंकला. ही वळणं हौसेखातर ठेवलेली नाहीत. त्या पिढीच्या गाडीला मागच्या चाकांना तेलाच्या दाबावर चालणारे नेहमीचे (हायड्रॉलिक) ब्रेक नव्हते. वळण आलं की मोटरच जनरेटर होते, गाडी थोपवते आणि बॅटरीत वीज परत भरते. पुढून 250 आणि मागून 350, मिळून 600 किलोवॉटपर्यंत. शर्यतीत जी ऊर्जा लागते तिच्यातली 40 टक्क्यांच्या आसपास अशी ब्रेकमधून परत मिळवलेली असते. ज्याला वळणाआधी नेमका कुठे पाय उचलायचा ते कळतं, त्याच्याकडे शेवटच्या फेऱ्यांत चार्ज शिल्लक राहतो. लांबच लांब सरळ ट्रॅकवर ब्रेकच लागत नाहीत, मग परत मिळवणार काय? पुष्पराज चौकातून विश्रामबागला जाताना आपण जे करतो, थांबा, वळा, परत पळवा, तेच ही गाडी करते. म्हणून तिची खरी परीक्षा शहरातच होते.

मिरजेची_सिस्टर
दादा, तुमचं तांत्रिक म्हणणं मान्य. पण रस्ता कुणाचा आहे ते आधी ठरवा. मी मिरजेत अतिदक्षता विभागात काम करते. अथणी, चिकोडी, जत, पंढरपूर, कुठून कुठून पेशंट येतात. काँक्रीटचे ब्लॉक आणि जाळ्या शर्यतीच्या सकाळी लावून संध्याकाळी काढता येत नाहीत, त्याच्या आधी आणि नंतरही रस्ता अडतो. 2019 च्या महापुरात रस्ते बंद झाले तेव्हा डायलिसिसच्या पेशंटचे काय हाल झाले ते मी पाहिलंय. तो निसर्गाचा कोप होता. इथं आपण आपल्या हातानं रस्ता बंद करणार. सांगली-मिरज रस्त्याला पर्यायी रस्ता किती रुंद आहे ते एकदा जाऊन बघा, मग बोलू.

जमाखर्च
सिस्टरताईंना पूर्ण पाठिंबा. मी पैशाचं बोलतो. हैदराबादची दुसरी शर्यत 10 फेब्रुवारी 2024 ला ठरली होती. मध्ये सरकार बदललं आणि शर्यत महिनाभर आधी रद्द झाली. त्यासाठी दिलेल्या रकमेवरून डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या लाचलुचपत विभागानं गुन्हाही नोंदवला. कॅनडातल्या माँट्रियलला तेच झालं. 2017 च्या जुलैत शर्यत, नोव्हेंबरात निवडणूक, आणि नव्या महापौर व्हॅलरी प्लांट यांनी डिसेंबरात पुढची शर्यत रद्द केली. माँट्रियल आपल्यापेक्षा कितीतरी श्रीमंत शहर, त्यालाही हा खर्च लोकांना पटवता आला नाही. आपल्या महापालिकेकडे गटारीला पैसे नसतात. ज्या खेळाचा करार एका निवडणुकीत मोडतो, त्यावर जनतेचा एक रुपयाही लावू नये, हे माझं ठाम मत.

गॅरेज_शंभरफुटी
जमाखर्च साहेब, पैसा सरकारनं घालू नये हे बरोबरच. पण खेळाला नावं ठेवू नका. 2014 ला बीजिंगमध्ये ही मालिका सुरू झाली तेव्हा बॅटरी पुरायची नाही, चालक अर्ध्या शर्यतीत उतरून दुसऱ्या गाडीत बसायचा. 2018 च्या शेवटी नवी गाडी आली आणि एकाच बॅटरीवर पूर्ण शर्यत व्हायला लागली. चार वर्षांत एवढी मजल! महिंद्राची टीम पहिल्या हंगामापासून त्यात आहे, त्यात उतरणारी जॅग्वारही आता टाटांचीच.

माझ्याकडे विजेवरच्या चारचाकी येतात. पेट्रोल गाडीचे पुढचे ब्रेकचे पॅड झिजून पत्रा लागायला आलेला असतो तेवढ्याच किलोमीटरला यांचे पॅड जाडजूड असतात. गिऱ्हाईक विचारतं, ब्रेक मारतच नाही का मी? मग त्याला खाली वाकून चाकाजवळ दाखवावं लागतं की बहुतेक काम मोटरनंच केलंय. हेच हजार माणसांना एका दिवसात डोळ्यांनी दिसलं तर मला हवंय.

छकडा_तासगाव
शर्यतीला माझा विरोध असायचं कारणच नाही. 18 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडीच्या शर्यतीचा कायदा कायम ठेवला, त्या दिवशी गावात गुलाल उधळलाय मी. पण आमचा फड माळावर पडतो. कुणाची अँब्युलन्स अडत नाही, कुणाचं दुकान बंद राहत नाही. तुम्हाला वळणंच हवीत ना? माळावर आखा की.

कृष्णाकाठ
छकडा भाऊ, याच्यावर मी कालपासून विचार करतोय. बर्लिनची फॉर्म्युला ई टेम्पलहॉफ या बंद झालेल्या विमानतळावर होते. विमानं उभी करायच्या काँक्रीटच्या पटांगणावर ब्लॉक मांडून वळणं तयार करतात, शर्यत झाली की उचलतात. म्हणजे वळणं हवीत, चालता रस्ता असलाच पाहिजे असं नाही. एवढ्यापुरतं माझं म्हणणं मी बदलतो.

आपल्याकडे कवलापूरची विमानतळाची जागा पडून आहे. फॉर्म्युला ई तिथं येणार नाही, ते मला कळतं. पण कोइम्बतूरला फॉर्म्युला भारतमध्ये इंजिनिअरिंगची पोरं स्वतः बांधलेल्या एकआसनी गाड्या घेऊन उतरतात, त्यात विजेवरचा गट आहे. त्यातल्या चार-सहा टीम इथं बोलवू, गॅरेजवाल्यांना बोलवू, शाळांना बोलवू.

जमाखर्च
कवलापूरला विमानतळच व्हावा म्हणून जिल्हा किती वर्षं भांडतोय. तिथं एकदा का शर्यती भरायला लागल्या की वर म्हणतील, बघा, जागेचा वापर होतोय. माझा विरोध कायम.

गॅरेज_शंभरफुटी
दोन दिवसांच्या परवानगीनं विमानतळ जात नाही हो. काँक्रीटचे ब्लॉक भाड्यानं मिळतात, मी चौकशी करतो.

मिरजेची_सिस्टर
चालत्या रस्त्यावर नसेल तर माझी हरकत नाही. फक्त तासगाव रस्त्यावर गाड्या लावू देऊ नका. तिकडचे पेशंट त्याच रस्त्यानं येतात. पार्किंग आत, आणि एक अँब्युलन्स गेटवर. हे अर्जात पहिल्या ओळीत लिहा.