कोळीवाड्याच्या इतिहासाचं पुस्तक काढायचंय : कागद, फोटोंच्या परवानग्या, आयएसबीएन, सालांचा गोंधळ

खाडीकाठ

पश्चिम उपनगरातल्या आमच्या कोळीवाड्याचा इतिहास गावच्या मंडळातर्फे पुस्तक म्हणून काढायचं ठरलंय. मजकूर साधारण ४५ हजार शब्द, निम्मा श्री-लिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये) टाइप केलेला, निम्मा युनिकोडमध्ये. जुने फोटो शंभरेक, त्यातले बरेच व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले. २६ वयस्कर माणसांच्या मुलाखती रेकॉर्ड झाल्यात. प्रकाशन नारळी पौर्णिमेला, म्हणजे हातात पाच महिने.

आकार, कागद, प्रती किती ठेवाव्यात? आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) घ्यावाच लागतो का? घराघरांतून आलेले फोटो छापायला कुणाची परवानगी लागते? आणि मुलाखतींतली सालं जुळत नाहीत. एकाच घटनेला तिघांनी तीन सालं सांगितलीत. काय करायचं?

---

फर्मा१६

आधी पानांचा हिशेब करा, बाकीचं त्यावरून ठरतं. ४५ हजार शब्द डेमी आकारात (साडेपाच बाय साडेआठ इंच) १९० पानांच्या आसपास बसतात. एक फर्मा, म्हणजे एका तावाची घडी, १६ पानांचा, म्हणून मजकूर १९२ पानांवर आणून थांबवा. १२ फर्मे पूर्ण. २०० पानं केलीत तर साडेबारा होतात आणि त्या अर्ध्या फर्म्यासाठी प्लेट, छपाई, घडी सगळं वेगळं लागतं.

५०० प्रतींना १८ बाय २३ इंचांचे ६,००० ताव लागतील. म्हणजे २३ बाय ३६चे ३,०००, म्हणजे ६ रीम (रीम ५०० तावांचं). छापताना आणि बांधताना वाया जाणारा धरून साडेसहा सांगा. दरपत्रक मागताना प्लेट, कागद, छपाई, बाइंडिंग आणि कव्हरचं लॅमिनेशन असे वेगवेगळे आकडे लिहून घ्या. "प्रत अमुक रुपये" असा एकच आकडा दिला की कागद कुठला घातला ते कळायला मार्ग राहत नाही.

कागद : नॅचरल शेड (पिवळसर कागद) डोळ्याला बरा वाटतो, पण त्यावर जुने फोटो छापले तर फोटोतला पांढरा पिवळट होतो आणि चेहरे मळकट दिसतात. मजकूर मॅपलिथोवर (साध्या पांढऱ्या छपाई कागदावर) घ्या आणि निवडक ३०-३५ फोटो १३० जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम) आर्ट पेपरच्या एका वेगळ्या १६ पानी फर्म्यात. शंभरच्या शंभर छापायचा मोह आवरा.

आर्ट पेपर आला की नुसतं गोंदाचं परफेक्ट बाइंडिंग नको. गुळगुळीत कागद गोंद नीट धरत नाही, दोन-तीनदा उघडल्यावर नेमकी फोटोंचीच पानं हातात येतात. फर्मे दोऱ्याने शिवून मग कव्हर लावायला सांगा. खर्च थोडा वाढतो, पण असं पुस्तक गावात घरोघर फिरणार, त्याला ते सोसायला हवं.

श्री-लिपीचा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये येतो, पण रफार, "ऱ्या", "ॲ" आणि काही जोडाक्षरं बिघडतात. "दऱ्या"चं "दर्या" झालं तर अर्थच बदलतो, आणि तुमच्या पुस्तकात दर्या पानोपानी असणार, म्हणजे चूक डोळ्यांना दिसणारही नाही. रूपांतर झालेला निम्मा भाग मूळ प्रिंटशी ओळ न् ओळ ताडून वाचावाच लागतो. इनडिझाइनमध्ये मांडणी असेल तर वर्ल्ड-रेडी कंपोजर (भारतीय लिप्या नीट जुळवणारी त्यातली सोय) चालू आहे ना ते पाहा, नाहीतर वेलांट्या जागा सोडतात. भाषा "मराठी" निवडा. म्हणजे ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात आपला ल आणि श येतो, हिंदी वळणाचा नाही. मुक्त, शोभिका, तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट विनामूल्य आहेत.

पौर्णिमेपासून उलटं मोजा. छपाई-बाइंडिंगला तीन आठवडे, नमुना प्रत पाहून सुधारायला एक, प्रुफांच्या तीन फेऱ्यांना चार. म्हणजे मजकूर आजपासून तीन महिन्यांत बंद व्हायला हवा. "एवढा एक फोटो घ्याच" हे त्यानंतर ऐकायचं नाही. शिवाय छपाई ऐन पावसात येतेय. दमट हवेत शाई वाळायला वेळ लागतो आणि एका बाजूने लॅमिनेट केलेलं कव्हर वळतं. बांधून झालेल्या प्रती दोन दिवस दाबाखाली ठेवायला सांगा. घरी आल्यावर गठ्ठे जमिनीवर नकोत, फळीवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब.

---

दप्तरी

सालांबद्दल. माणसाला साल आठवत नाही, पण कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर हे पक्कं आठवतं. म्हणून "कधी?" असं विचारू नका. "गोदीत स्फोट झाला तेव्हा ही विहीर होती का?" असं विचारा. मुंबईत खुंटीसारख्या धरता येतील अशा तारखा : गोदीतला स्फोट १४ एप्रिल १९४४, नाविकांचं बंड फेब्रुवारी १९४६, नोव्हेंबर १९४८चं वादळ (कोळीवाड्यात ते बहुधा सगळ्यांत उपयोगी पडेल), महाराष्ट्र राज्य १ मे १९६०, ट्राम बंद झाली ३१ मार्च १९६४, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, गिरणी संप सुरू १८ जानेवारी १९८२. २६ मुलाखतींसाठी एक तक्ता करा. उभ्या रकान्यांत या घटना, आडव्या ओळींत माणसं. तिघांची तीन सालं बहुतेक दोन खुंट्यांच्या मध्ये येऊन बसतात. मग "१९४८ ते १९६०च्या दरम्यान" असं लिहा. ते खोट्या नेमकेपणापेक्षा बरं.

आता कागदपत्रं. उपनगरांवर लिहिणारे बरेच जण मुंबई शहराच्या गॅझेटियरमध्ये (इंग्रज सरकारच्या माहितीग्रंथात) गाव शोधतात आणि काही सापडत नाही म्हणून सोडून देतात. साष्टी, म्हणजे उपनगरं ज्यावर आहेत ते बेट (इंग्रजी कागदांत साल्सेट), १९२०च्या आधी ठाणे जिल्ह्यात होती. मुंबई उपनगर जिल्हा झाला १९२० साली. म्हणून तुमचं गाव ठाण्याच्या १८८२च्या गॅझेटियरमध्ये पाहा, आणि त्यात गावांची माहिती वेगळ्या खंडात आहे, तो विसरू नका. तसंच १८७२चे लॉटनचे सर्व्हे नकाशे मुंबई बेटाचे आहेत, त्यात माहीमच्या खाडीपलीकडचं काही मिळणार नाही. महापालिकेची हद्द उपनगरांत आली १९५० साली आणि दहिसर-मुलुंडपर्यंत पोचली १९५७ साली. त्याआधीचा रस्ता, नळ, दिवाबत्ती यांचं दप्तर महापालिकेत शोधून वेळ घालवू नका.

काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथे "आमच्या गावाची माहिती द्या" म्हणून काही हाती लागत नाही. खातं आणि साल सांगावं लागतं. महसूल खात्यापासून सुरुवात करा, गावाच्या नावाची इंग्रजी स्पेलिंगं चार-पाच तऱ्हांनी लिहून न्या आणि तालुका "साल्सेट" म्हणून शोधा. कागदाची प्रतिमा पुस्तकात छापायची असेल तर ती परवानगी वेगळी लागते, अर्ज करतानाच विचारून घ्या. घरभाट (घर आणि भोवतालची जागा) आणि हद्दी यांसाठी नगर भूमापन कार्यालयातली मालमत्ता पत्रकं आहेत. पण ज्या जागेवर वाद चालू आहे तिच्या मालकीबद्दल पुस्तकात निवाडा देऊ नका.

आणि मंदिर "चारशे वर्षांपूर्वीचं" हे वाक्य असेलच. शिलालेख, सनद, नोंद काही नसेल तर "असं गावात सांगतात" एवढंच लिहा. तेही इतिहासच आहे, फक्त वेगळ्या जातीचा.

---

खाडीकाठ

१९२०चा मुद्दा खरंच माहीत नव्हता, चुकीच्या खंडांत शोधत होतो. फोटोंचं कुणी सांगेल का? आणि मंडळात एक वाद आहे. काही म्हणतात घराण्यांची टोपणनावं काढून टाका, लोक चिडतील. काही म्हणतात नामसूचीची गरजच नाही, पानं वाढतात.

---

जुनी_पाटी

फोटो ज्याच्या कपाटात आहे तो त्याच्या प्रतीचा मालक, हक्काचा मालक असेलच असं नाही. कॉपीराइट कायदा १९५७चा आहे. त्यात पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे लग्नाचा, बारशाचा स्टुडिओतला फोटो बहुतेक वेळा त्या कुटुंबाचाच. वर्तमानपत्रातलं कात्रण वेगळं. प्रसिद्ध झालेल्या छायाचित्राला प्रकाशनानंतर ६० वर्षं संरक्षण असतं, म्हणून १९६०च्या आधी छापून आलेलं आता मोकळं आहे. संपाचे, पुराचे १९८० नंतरचे वृत्तपत्रीय फोटो मात्र लेखी परवानगीशिवाय नकोतच.

प्रत्येक फोटोला क्रमांक द्या आणि एका पानाचा फॉर्म भरून घ्या : कुणाकडून आला, कधी, पुस्तकात आणि इंटरनेटवर दोन्हीकडे चालेल का, श्रेय काय नावाने. मुलाखतीलाही तोच फॉर्म, फक्त "रेकॉर्डिंग ग्रंथालयात ठेवलं तर चालेल का" एवढी ओळ वाढवा. सही घ्यायची ती टाइप केलेला मजकूर वाचून दाखवल्यावर.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो छपाईला चालत नाहीत, ते आकसून आलेले असतात. मूळ फोटो मागवा आणि ६०० डीपीआयवर (इंचामागे ६०० ठिपके) टिफ फाइलमध्ये स्कॅन करा. दोन इंच रुंदीचा फोटो ६००वर १,२०० पिक्सेल देतो, छपाईला इंचामागे ३०० लागतात, म्हणजे तो चार इंचांपर्यंत मोठा करता येईल, त्यापुढे नाही. पासपोर्ट आकाराचा असेल तर १,२००वर घ्या. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो सोलून काढू नका, पापुद्रा निघतो. पान जसंच्या तसं स्कॅन करा. काचेला चिकटलेला फोटो काचेसकट. कृष्णधवल फोटो छापखान्याला देताना ग्रेस्केल (फक्त काळ्या-करड्या छटांत) करून द्या, चार रंगांत गेला तर कुठे हिरवट, कुठे लालसर उमटतो.

फोटोखालच्या ओळी लिहिताना "डावीकडून" सुरुवात करा, उभे-बसलेले वेगळे सांगा, आणि जो ओळखता येत नाही त्याच्या जागी "ओळख पटलेली नाही" असं लिहा. अंदाजाने नाव घातलं तर प्रकाशनाच्याच दिवशी त्याचा नातू समोर उभा राहतो.

टोपणनावं काढू नका. एकाच पाड्यात एकाच नावाआडनावाची चार माणसं असतात, टोपणनावाशिवाय कुणाचं कोण कळणारच नाही. ज्या नावात शरीराच्या व्यंगाचा किंवा जातीचा टोमणा आहे ते घरच्यांना विचारून ठेवा किंवा गाळा. मेलेल्या माणसाबद्दल काहीही लिहिलं तर चालतं हा समजही खोटा आहे. वारसांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेलं लिखाण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये बदनामीत धरलंय. भांडणं लिहा, पण कोर्टाचा निकाल किंवा कागद हातात असेल तेवढीच.

नामसूचीवर वाद कसला! गावचं पुस्तक लोक मागून पुढे वाचतात. आधी आपल्या आजोबांचं नाव शोधतात, मग पान उघडतात. सहा-सात पानं लागतील, ती १९२मध्येच बसवा. त्यासाठी मान्यवरांचे शुभेच्छा संदेश कापा. संदेश आणि जाहिराती वीस पानांवर गेल्या की तिला स्मरणिका म्हणायचं, पुस्तक नाही. सूची पानं पक्की झाल्यावरच करा. एका स्प्रेडशीटमध्ये नाव, वडिलांचं नाव, पाडा, पान क्रमांक असे रकाने. आधी केली आणि मग एक परिच्छेद सरकला तर सगळी पुन्हा करावी लागते.

---

निळा_पेन

आयएसबीएनची सक्ती नाही, पण घ्या. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मिळतो, अर्ज ऑनलाइन, शुल्क शून्य. कुणी "आयएसबीएनचे" म्हणून पैसे मागत असेल तर ते त्याच्या धावपळीचे आहेत. अर्ज मंडळाच्या नावाने करा. दुसऱ्या प्रकाशकाचा क्रमांक घेतलात तर नोंदीत प्रकाशक तो राहतो. पुठ्ठा बांधणी, कागदी बांधणी, ई-बुक, प्रत्येकाला वेगळा क्रमांक. लगेच हातात येईल असं धरू नका, मुखपृष्ठ ठरलं की अर्ज टाका.

सक्ती आहे ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि तीच लोक विसरतात. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून ३० दिवसांत स्वखर्चाने चार ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या : कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि आपलं मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय. पोच घेऊन फाइलला लावा. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय त्या यादीत नाही, पण तिथे एक द्याच. पुढचा अभ्यासक तिथेच येणार.

५०० प्रतींबद्दल फर्मा१६ यांच्याशी थोडं असहमत. ऑफसेटला ३०० आणि ५००मध्ये फरक मुख्यतः कागदाचा आणि बांधणीचा पडतो, हे खरं. पण न खपलेले दोनशे ठेवायचे कुठे? आधी प्रकाशनपूर्व सवलतीत पैसे घेऊन नावनोंदणी करा. दोनशेच्या वर गेली तर ५०० छापा, नाहीतर ३००. किंमत ठरवताना दुकानदाराचं कमिशन ३० ते ४० टक्के धरा. सगळी विक्री गावातच होणार असेल तर उत्पादन खर्चाच्या दुप्पट पुरते, दुकानांत ठेवायचं असेल तर तिप्पट लागते. पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, पण छापखान्याच्या बिलात येतो आणि तो परत मिळत नाही. खर्चात धरा.

---

फर्मा१६

नावनोंदणीचं पटलं. आकडा कळेपर्यंत कागद उचलू नका.

टपालावरून एक राहिलं. कागद ७० की ८० जीएसएम, ते वजनावरून ठरवा. १९२ पानं ८०वर सुमारे २३० ग्रॅम, आर्टचा फर्मा ३०, कव्हर २०, लिफाफा २५ : ३००च्या वर जातं. तेच ७०वर २८०च्या आत बसतं. टपाल खात्याच्या ज्ञान पोस्टचा (पुस्तकांसाठीच्या सेवेचा) पहिला टप्पा ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांचा आहे. बाहेरगावी गेलेल्या गावकऱ्यांना शंभरेक प्रती पाठवायच्या असतील तर फरक पडतो. पण ७०मध्ये मागच्या पानाची छपाई दिसते. छापखान्याकडून त्याच कागदावर दोन्ही बाजूंनी छापलेलं एक पान मागवा आणि उजेडात धरून बघा.