लेनवरील तेल विरळ होत गेल्यावर कोणता बोलिंग चेंडू घ्यावा?

प्रश्न:
मिशिगनमधील एका लीगमध्ये मी रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनच्या (लेनवर पकड घेऊन वळणाऱ्या आवरणाच्या) एकाच चेंडूने उजव्या हाताने खेळतो. पहिल्या गेममध्ये तो अचूक पॉकेटमध्ये, म्हणजे हेडपिन (सर्वांत पुढची पिन) व तिच्या उजवीकडची पिन यांमधील जागेत, शिरतो. मात्र तिसऱ्या गेमपर्यंत तोच चेंडू इतक्या लवकर वळतो की हेडपिन ओलांडून डावीकडे जातो. दुसरा चेंडू कोणता घ्यावा?

उत्तर 1:
दोष चेंडूचा नाही. फाउल लाइनपासून हेडपिनपर्यंतच्या 60 फुटांपैकी साधारण पहिल्या 40 फुटांवर तेल असते आणि रिअ‍ॅक्टिव्ह चेंडूंचे सच्छिद्र आवरण ते शोषत असल्यामुळे, सर्वजण ज्या रेषेवरून टाकतात तेथील थर आधी विरळ होतो. चेंडू परत आल्यावर पुसण्यापूर्वी त्यावरील तेलाच्या कड्या पाहा: त्या एकमेकींपासून जितक्या दूर, तितका प्रत्येक फेऱ्यात चेंडूचा कोरडा भाग लेनला लागतो आणि पकड वाढते. म्हणून दुसरा चेंडू कमी फ्लेअरचा (कड्या जवळजवळ पडणारा), पर्ल (तेलावरून अधिक सरकणाऱ्या) आवरणाचा व पॉलिश केलेला घ्यावा. तत्पूर्वी दोन बोर्ड (लेनच्या अरुंद उभ्या पट्ट्या) डावीकडे सरकून मात्र अवश्य पाहावे.

उत्तर 2:
वरील मताशी मी सहमत आहे. फक्त पृष्ठभागाकडे दुर्लक्ष करू नये, असे मला मनापासून वाटते. 1000 ग्रिटने (आकडा जितका मोठा, तितका पृष्ठभाग गुळगुळीत) घासलेला चेंडू दाट तेलातही पकड घेतो, तर तोच 4000 ग्रिटपर्यंत नेल्यास पुढे सरकून उशिरा वळतो. हे घासकाम खेळ सुरू होण्यापूर्वीच उरकावे, कारण नंतर नियम त्यास परवानगी देत नाहीत. दहाव्या पिनच्या स्पेअरसाठी (उजव्या कोपऱ्यात उरलेली पिन दुसऱ्या टाकीत पाडण्यासाठी) प्लॅस्टिकचा, सरळ जाणारा चेंडू वेगळा ठेवावा.